दहावीचे गुण मिळाले की तबला कपाटावर का जातो?

प्रति,
मा. संपादक,

स. न. वि. वि.

जून महिन्यात आपल्या दैनिकाबरोबर बारावीनंतरच्या अभ्यासक्रमांची पुरवणी आली होती. आठही पाने मी शिलाई मशीनच्या फळीवर पसरून शेवटपर्यंत वाचली. अभियांत्रिकी, फार्मसी, नर्सिंग, हॉटेल मॅनेजमेंट, पोलिस भरती, ड्रोन चालवण्याचे प्रशिक्षण, सगळे होते. संगीत हा शब्द कुठेच नव्हता. डिसेंबर २०२४ मध्ये उस्ताद झाकिर हुसेन गेले तेव्हा आपणच पानभर मजकूर दिला होता आणि ते पान आमच्या घरात अजून जपून ठेवलेले आहे. ते वाचून ज्या मुलांनी नव्याने तबल्याला हात लावला असेल, त्यांना पुढची वाट कोण सांगणार? म्हणून हे पत्र.

माझी मुलगी पुण्यात तबला हा मुख्य विषय घेऊन पदवीचा अभ्यास करते. यंदा तिसरे वर्ष. मी अमळनेरला घरीच ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. मुलीचे वडील जिनिंगमध्ये कामाला आहेत. आमच्या दोन्ही घरांत संगीत शिकलेले कोणी नाही. त्यामुळे जे कळले ते ठेचा खात कळले, आणि बरेचसे उशिरा कळले.

सुरुवात आमच्या गावच्या वाडी संस्थानात झाली. वैशाखात सखाराम महाराजांची यात्रा भरते, तेव्हा मी तिला घेऊन भजनाला बसायचे. ती टाळकऱ्यांकडे बघायचीच नाही. तिची नजर मृदंगावर. वाजवणारे बाबा कणीक मळून डाव्या अंगाला थापत, ती कणीक कशाला लावतात, हे तिने त्यांना तीनदा विचारले. आवाज खोल यावा म्हणून, असे त्यांनी तिन्ही वेळा न कंटाळता सांगितले. घरी येऊन तिने पिठाच्या डब्यावर हात चालवायला सुरुवात केली. तिसरीत होती, २०१२ साल. गावात मृदंग शिकवणारे कोणी आम्हांला सापडले नाही, तबल्याचे सर सापडले. सासूबाईंना पटले नव्हते. "आंडेरनी जातले डग्गा कसाले जोयजे?" (पोरीच्या जातीला डग्गा कशाला हवा?) असे त्या म्हणाल्या. मी उत्तर दिले नाही. दिवाळीच्या शिलाईच्या पैशांतून ३,८०० रुपयांची जुनी जोडी घेतली.

सरांनी पहिले सहा महिने ना, तिं, धा आणि तिरकिट या बोलांपलीकडे काही दिले नाही. मला वाटायचे, फी घेतात आणि पुढे नेत नाहीत. आज मुलगी सांगते की तिचा हात टिकला तो त्या सहा महिन्यांमुळे. मग तीनताल आला, त्याच्या सोळा मात्रा मीही शिकले. ती रियाजाला बसली की माझा पाय पायडलवर त्याच लयीत पडायचा. रूपक सुरू झाल्यावर मात्र माझी गडबड व्हायला लागली, कारण सात मात्रा आणि समेलाच, म्हणजे पहिल्याच मात्रेला, टाळीऐवजी खाली.

अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा ती देत गेली. प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण. दहावीपर्यंत पाच झाल्या. तिच्याबरोबर वर्गात अकरा मुले होती. दहावीला शास्त्रीय वादनाच्या परीक्षांचे वाढीव गुण मिळतात, ही चांगली सोय आहे, मी तिच्याविरुद्ध नाही. पण अकरापैकी नऊ पालकांच्या मनात तबला होता तो तेवढ्यापुरताच. प्रस्ताव शाळेत गेला, गुण मिळाले आणि जोड्या कपाटावर गेल्या. त्यात एक मुलगा होता, त्याचा रेला, म्हणजे जलद बोलांची सलग रांग, ऐकताना सर डोळे मिटायचे. तो आज सुरतला साड्यांच्या दुकानात आहे. दुकानातले काम हलके, असे मला मुळीच म्हणायचे नाही. पण त्याच्या वडिलांना कोणी सांगितलेच नाही की तबल्याची विद्यापीठाची पदवी असते. मलाही तेव्हा माहीत नव्हते. मी समजत होते, मंडळाची पुढची विशारद परीक्षा झाली म्हणजे पदवी झाली.

आमची मुलगी टिकली, त्यात २०२० च्या टाळेबंदीचा हात आहे. दहावीचा भूगोलाचा पेपर रद्द झाला, घराबाहेर पडणे बंद. ती सकाळी पाचला बसायची. सर फोनवर कायदा, म्हणजे बोलांची ठरावीक रचना, सांगायचे, ती त्याचे पलटे, म्हणजे तेच बोल फिरवून केलेले प्रकार, वाजवून पाठवायची. त्याच काळात तिने केंद्र सरकारच्या सीसीआरटी या सांस्कृतिक प्रशिक्षण संस्थेच्या शिष्यवृत्तीबद्दल वाचले. ती १० ते १४ वर्षांच्या मुलांना मिळते. आमची पंधरा पूर्ण झालेली होती. गेली सात वर्षे मुलगी तबला शिकत होती आणि त्यातली बरीच वर्षे ती पात्र होती, हे त्या दिवशी कळले. त्या रात्री मला झोप लागली नाही. आपल्या पुरवणीत त्या योजनेची चार ओळींची चौकट कधी छापून आली असती, तर आमच्यासारख्या कितीतरी घरांनी अर्ज भरला असता.

बारावीनंतर ती पुण्याला प्रवेश परीक्षेला गेली. मे महिना, पारा पंचेचाळीसवर. एसटीच्या मागच्या सीटवर तबला मांडीवर घेऊन आम्ही दोघी. खान्देशच्या उन्हात कातडे ताणून सूर चढतो, हे ठाऊक होते, म्हणून ओल्या फडक्याची पिशवी वर धरली होती, तरी चाळीसगावच्या पुढे पुडी, म्हणजे तबल्याचे वरचे कातडे, तडकली. परीक्षेच्या ठिकाणी एका विद्यार्थ्याने स्वतःचा तबला दिला. स्वतंत्र वादन तिने चांगले केले. पेशकार, कायदा, दोन चक्रदार. नंतर समोर गायिका बसली आणि विलंबित, म्हणजे अगदी संथ, एकतालाची साथ करायला सांगितले. धिं धिं धागे तिरकिट. बोल तिला पाठ होते. पण तिथे एक आवर्तन पाऊण मिनिटाचे होते, आणि ती दहा वर्षे मोबाइलवरच्या लेहऱ्यासोबत (तबल्याला लय धरून देणारी सुरावट) किंवा हरिपाठाच्या भजनी ठेक्यात वाजवत आलेली. लय पळाली. ख्याल गाणाऱ्या माणसाच्या शेजारी ती आयुष्यात पहिल्यांदा बसत होती. प्रवेश हुकला.

ज्यांनी नापास केले त्यांचे बरोबरच होते. मला बोलायचे आहे ते आपल्या भागाबद्दल. आपल्याकडे तालाची वाण नाही. सातपुड्यात होळीला पावरा बांधवांचे ढोल रात्रभर घुमतात, वहीगायनाच्या लोककलेत डफ आहे, गावोगाव मृदंग आहे, मुक्ताबाईंची पालखी पंढरपूरला निघते ती मृदंगाच्या साथीनेच. हात आहेत. पण या हातांना शास्त्रीय गाण्याची साथ करायला नियमित जागा मिळत नाही, आणि तबलजीचा अर्धा अभ्यास साथीतच होतो.

ते एक वर्ष तिने इथेच बी. ए. ला नाव घालून काढले. विद्यापीठाच्या युवारंग महोत्सवात तालवाद्यात वाजवले. दर रविवारी पहाटेच्या गाडीने जळगावला जायची, तिथे गाणे शिकणाऱ्या एका ताईंच्या घरी तीन तास फक्त विलंबित ठेका धरायचा. बाकी काही नाही. ताई गात, ही ठेका देई. जानेवारीत जळगावच्या बालगंधर्व संगीत महोत्सवाला आम्ही दोघी गेलो. परतीच्या प्रवासात ती एकच गोष्ट सांगत होती, तबलजीने गायकाला कुठे जागा दिली ती. मला त्यातले अर्धेही कळले नाही. पण ती आता वाजवण्याआधी ऐकायला शिकली आहे, एवढे कळले.

पुढच्या वर्षी प्रवेश मिळाला. तिथे काय शिकवतात, हे लोक मला विचारतात, म्हणून लिहिते. रोजचा रियाज आहेच. त्याशिवाय हाताने टाळी-खाली दाखवत तोंडाने बोल म्हणायचे, त्याला पढंत म्हणतात. दिल्ली, अजराडा, लखनौ, फरुखाबाद, बनारस, पंजाब या घराण्यांचे बाज वेगवेगळे ओळखायचे आणि वाजवून दाखवायचे. भातखंडे आणि पलुस्कर, दोन्ही लिपींत ताल लिहायचे. गाण्याची, सतारीची, कथकची साथ करायची. परीक्षेत स्वतंत्र वादन असते आणि लेखी पेपरही असतात. शिकून पुढे शिक्षक होता येते, साथीला जाता येते, आकाशवाणीची श्रवण चाचणी देता येते. पैसा लगेच मिळत नाही, हे मी लपवणार नाही. ती सध्या दोन मुलांच्या शिकवण्या करून मेसचे पैसे काढते. केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची १८ ते २५ वयाच्या कलाकारांसाठी महिना ५,००० रुपयांची दोन वर्षांची शिष्यवृत्ती आहे, तिचा अर्ज या वेळी आम्ही वेळेत भरला.

पुण्याच्या विद्यापीठात ललित कला केंद्र आहे, हे पुष्कळांना ठाऊक असेल. पण आपल्याला सुरतमार्गे रेल्वेने बडोदाही आहे. सयाजीराव महाराजांनी मौलाबक्षांकडून १८८६ साली तिथे संगीतशाळा सुरू करवली, आणि आज तिथल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तबल्याची पदवी घेता येते. आमच्या गावातून निम्मी तरुण पोरे सुरतच्या गाडीत बसतात. त्याच गाडीने तबला शिकायलाही जाता येते, हे आम्हांला कोणी सांगितले नव्हते.

आपल्या भागातल्या महाविद्यालयांनाही एक विनंती आहे. आठवड्यातून एक दिवस गाणारी आणि वाजवणारी मुले एका खोलीत बसतील, एवढी सोय करा. खोली, एक तानपुरा किंवा त्याचे यंत्र, मानधनावर एक शिक्षक. फेब्रुवारी २०२४ मध्ये याच अमळनेरने ९७ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन पार पाडले. तेवढे करणाऱ्या गावाला ही खोली जड नाही. माझ्या मुलीचे एक वर्ष आणि रविवारची ती गाडी दुसऱ्या कोणाची तरी वाचेल.

आपल्याकडे मागणे एवढेच की पुढच्या पुरवणीत संगीताच्या पदव्या, प्रवेश परीक्षेत काय विचारतात ते आणि या दोन शिष्यवृत्त्यांची वयोमर्यादा छापा. सरांच्या वर्गात सध्या चौदा मुले आहेत, त्यांतली पाच यंदा दहावीला आहेत. सासूबाई आता स्वतःच त्या मुलांच्या आयांना गाठून सांगतात, पोरांचा तबला बंद करू नका. पण त्यांच्या सांगण्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. पेपरात छापून आलेले कात्रण हातात असेल तर मी त्यांच्याबरोबर पाचही घरी जाईन.

आपली,
एका तबलावादक मुलीची आई
अमळनेर, जि. जळगाव