प्रौढ स्वमग्न व्यक्तींच्या सराव-घरासाठी मदतीचे आवाहन

सप्रेम नमस्कार.

स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांसाठी शाळा, उपचार आणि पालकांचे गट अशी थोडीफार सोय आता झाली आहे. परंतु शाळेचे वय संपले की ती एकाएकी थांबते आणि विशीतला तरुण किंवा तरुणी घरातच, आई-वडिलांच्या आधाराने दिवस काढू लागते. स्वमग्नता हा आजार नव्हे, मेंदूच्या जडणघडणीतील वेगळेपण आहे, आणि ते वयाबरोबर सरत नाही. आमच्याकडे येणारे पालक आज ना उद्या एकच प्रश्न विचारतात: आमच्या माघारी याचे कसे होणार? पालक हिंडते-फिरते असतानाच मुलाला वेगळ्या घरात राहण्याचा सराव मिळाला, तरच या प्रश्नाला काही उत्तर आहे. त्यासाठी संस्थेने एक सराव-घर भाड्याने घेण्याचे ठरवले आहे.

हा सराव वर्गात का होत नाही, हे सांगणे आवश्यक आहे. एका ठिकाणी शिकलेले काम दुसऱ्या ठिकाणी आपोआप जमत नाही, असा अनुभव अनेक स्वमग्न व्यक्तींच्या बाबतीत येतो. घरची शेगडी बिनचूक पेटवणारा तरुण वेगळ्या बनावटीच्या शेगडीपुढे अडून बसतो. शिवाय खरी अडचण पुष्कळदा काम करण्यात नसून ते सुरू कधी करायचे, कोणत्या क्रमाने करायचे आणि मध्येच खंड पडला तर पुन्हा कोठून धरायचे, यात असते. अचानक पाणी गेले, दारावर अनोळखी माणूस आला, फोनवर कोणी गोड बोलून पैसे मागितले, असे प्रसंग प्रत्यक्ष राहतानाच हाताळता येतात. म्हणून सुरुवातीला दिवसाचे काही तास, मग एखादी रात्र, मग सलग काही आठवडे, असा मुक्काम वाढवत नेला जाईल आणि सोबतचा सहायक त्या प्रमाणात मागे सरेल. काहींना तो कायमच लागेल. त्यात कमीपणा नाही. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या 2006 च्या करारातील 19 व्या कलमाने कोठे आणि कोणाबरोबर राहायचे हे ठरवण्याचा हक्क मान्य केला आहे, आणि लागेल तो आधार मिळणे हाही त्याच हक्काचा भाग आहे.

अमेरिकेतील बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी 1943 मध्ये स्वमग्नतेचे जे वर्णन प्रसिद्ध केले, त्यातील पहिला मुलगा डोनाल्ड ट्रिपलेट. पुढे त्याने बँकेत नोकरी केली, मोटार चालवली, देशोदेशी प्रवास केला आणि 2023 पर्यंत तो जगला. अर्थात ती बँक त्याच्या कुटुंबाची होती आणि गावाने त्याला सांभाळून घेतले होते. ज्यांच्या घरची बँक नाही, त्यांच्यासाठी हे आवाहन आहे.

सर्वाधिक खर्च घरभाडे आणि सहायकांचे वेतन यांवर होणार आहे. सहायक वारंवार बदलल्यास बसलेली घडी विस्कटते, म्हणून एकदाच दिलेल्या मोठ्या देणगीपेक्षा दरमहा नियमित येणारी लहान रक्कम आम्हांला अधिक उपयोगी पडेल. कर्कश आवाज आणि लुकलुकणारे दिवे अनेकांना असह्य होतात, तेव्हा शांत वस्तीत घर देऊ शकणाऱ्या मालकांनी अवश्य कळवावे. उद्योजकांनी मुलाखतीऐवजी काही दिवस प्रत्यक्ष काम देऊन पाहावे. स्वयंसेवकांकडून अपेक्षा एवढीच, की ठरलेल्या वारी ठरलेल्या वेळी यावे आणि येणे जमणार नसेल तर आधी सांगावे. खेळणी आणि चित्रांची पुस्तके कृपया देऊ नयेत. येथे राहणारी माणसे प्रौढ आहेत.

देणगीची पावती दिली जाईल आणि जमाखर्च संस्थेच्या कार्यालयात देणगीदारांना पाहता येईल. घर पाहण्याची इच्छा असणाऱ्यांनी आधी कळवावे. तेथे राहणाऱ्यांना विचारूनच वेळ दिली जाईल, आणि त्यांनी नकार दिल्यास कोणी राग मानू नये, ही विनंती.