नाव न सांगता पाणी देऊन गेलेल्यांचे आभार

पुण्याहून सुट्टीच्या दिवशी येऊन आमच्या ग्रामीण रुग्णालयाची पाण्याची लाइन मार्गी लावणाऱ्या इंजिनिअर, प्लंबर आणि वायरमन मंडळींचे मनापासून आभार. नावं छापायची नाहीत ही तुमची अट पाळतो. काम मात्र सांगणारच.

मोटर चालू, पण टाकीत धार बारीक. सगळ्यांचा संशय मोटरवर. तुम्ही आधी सगळी लाइन चालून पाहिलीत. चढाच्या माथ्यावर पाइपात हवा कोंडत होती. तिथे एअर व्हॉल्व्ह बसवलात, खोलगट जागी गाळ सोडायला वॉशआउट, आणि मोटर थांबल्यावर पाणी उलटं बोअरमध्ये जाऊ नये म्हणून नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. आपल्याकडच्या काळ्या पाषाणातली बोअर उन्हाळ्यात लवकर उपसते आणि कोरडी फिरून मोटर जळते; म्हणून पॅनेलमध्ये ड्राय-रन प्रिव्हेंटर आणि पाणी पुन्हा साठेपर्यंत थांबवणारा टायमर. मोठी मोटर टाका म्हणणाऱ्यांना तुम्ही बरं सुनावलंत: बोअरच देत नसेल तर मोटर काय करणार?

क्लोरीनचं गणित भिंतीवर लिहून दिलंत. १००० लिटरला ३३ टक्के क्लोरीनची ताजी ब्लीचिंग पावडर २.५ ग्रॅम, अर्धा तास थांबायचं, मग सर्वांत लांबच्या नळाला ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन किती उरलंय ते पाहणारी चाचणी. लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलंच पाहिजे. पावडरचा डबा उघडा किंवा ओलीत राहिला की तिचा जोर जातो, हे आता स्टोअरमधले दादाही सांगतात.

सुटे वॉशर, टेफ्लॉन टेप आणि लाइनचा नकाशा पंपघरात ठेवून गेलात, त्याचे वेगळे आभार.