लिंब सेंटरमधल्या काकांना

ती. काका,
सा. नमस्कार.

नाव लिहीत नाही, तुम्हाला आवडणार नाही म्हणून. १९४४ साली, महायुद्धाच्या काळात सुरू झालेल्या पुण्याच्या आर्टिफिशियल लिंब सेंटरमध्ये, म्हणजे कृत्रिम हातपाय बसवणाऱ्या लष्करी केंद्रात, प्लास्टरची मापं घेणारे काका म्हटलं की तुमच्या हाताखालून गेलेला जवान ओळखेलच.

नियंत्रण रेषेवर सुरुंग फुटून ह्यांचा डावा पाय गुडघ्याखाली गेला. गावी आल्यावर सत्कार भरपूर झाले. शाल, नारळ, फोटो. "काही लागलं तर हक्कानं सांगा" म्हणणाऱ्यांपैकी एकानंही पुढे फोन उचलला नाही. एका कचेरीत तर पेन्शनच्या कागदासाठी ह्यांना कुबड्यांवर दोन जिने चढायला लावले आणि वर गेलो तर साहेब जेवायला गेलेले. ते मी विसरणार नाही. शिवाय येईल तो मुरलीकांत पेटकरांचं उदाहरण द्यायचा. पेटकर आमच्याच सांगलीकडचे. १९६५ च्या युद्धात गोळ्या झेलून १९७२ ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात सुवर्णपदक जिंकलं त्यांनी, त्यांच्या पायावर मी डोकं ठेवीन. पण त्यांना पद्मश्री मिळायला २०१८ उजाडलं, हे कुणी सांगत नाही. आणि रात्री न्हाणीपर्यंत एकट्यानं जाता येत नाही म्हणून भिंतीकडे तोंड करून पडलेल्या माणसाला पदकाच्या गोष्टीनं काय बळ येणार?

तुम्ही काही सांगत बसला नाहीत. खाली स्टुलावर बसलात आणि ह्यांचा तो तुटका पाय उचलून सरळ स्वतःच्या मांडीवर घेतलात. वडिलांच्या वयाचा माणूस! हे कावरेबावरे झाले, पाय मागे ओढून नमस्कार करायला लागले. "राहू दे रे, पोराचा पाय बापाला लागतो होय?" म्हणालात, आणि दाराबाहेर उभी होते त्या मला हाक मारलीत.

तोवर तो पाय ह्यांनी मला उघडा बघू दिला नव्हता. तुम्ही त्या पायावर चढवायचा मोजा माझ्या हातात दिलात. "पोरी, नीट वर ओढ. चुणी राहिली की सॉकेटमध्ये, नकली पायाच्या वाटीत, घासून जखम होते." माझे हात थरथरत होते, चुणी राहिलीच. तुम्ही मोजा काढलात आणि पुन्हा माझ्याकडूनच घालून घेतलात. ह्यांनी तोंड फिरवलं नाही.

पाय नंतर मिळाला, आमच्यातला अवघडलेपणा मात्र त्याच खोलीत गेला. काम करताना समोरच्याची लाज राखणारी माणसं फार थोडी असतात, काका. सत्काराच्या स्टेजवर तर मला एकही दिसलं नाही.

आता हे उसाला पाणी पाजायला जातात. बांधावर अजून तोल जातो, मग चिडतात, थोडं बसतात आणि पुन्हा चालायला लागतात. पाय आणखी आटल्यामुळे सॉकेट सैल झालंय, एकावर एक मोजे चढवावे लागतात. पाडवा झाला की मापाला येतोय. तुम्ही रजेवर असलात तर कळवा, आम्ही तारीख पुढं ढकलू.

तुमची,
एका जवानाची बायको