फर्मवेअर अपडेटनंतर एनएफएसवरील फायलींच्या शेवटी शून्य बाइट येत असल्याबाबत तक्रार

प्रति,
तांत्रिक साहाय्य विभागप्रमुख

महोदय,

आपल्या स्टोरेजचे फर्मवेअर अपडेट केल्यापासून एनएफएस ३ या नेटवर्कवरून फायली वापरण्याच्या प्रोटोकॉलवरच्या वाढत्या लॉग फायलींच्या शेवटी शून्य बाइट दिसतात. डिस्कवरची फाइल शाबूत आहे. बिघडते ती वाचणाऱ्या लिनक्स क्लायंटची पेज कॅशे (वाचलेल्या फाइलचे तुकडे, म्हणजे पेज, मेमरीत जपणारी जागा), आणि ती बिघडण्याचे मूळ आपल्या सर्व्हरच्या उत्तरात आहे.

सोबतच्या पॅकेट कॅप्चरमधला एकच प्रसंग पाहावा. फाइल ५००० बाइटांची होती. दुसऱ्या मशीनने १०० बाइटांची ओळ जोडली, सर्व्हरने कमिट (डेटा डिस्कवर पक्का करणे) मान्य केले, फाइल बंद झाली. त्यानंतर वाचणाऱ्याने ती उघडली. गेटअ‍ॅटरने (फाइलचे गुणधर्म विचारणाऱ्या विनंतीने) आकार ५१०० सांगितला, इथवर बरोबर. मग ४०९६ पासून ४०९६ बाइट मागितले, तर १००४ ऐवजी ९०४च आले, वर 'ईओएफ' (फाइल संपल्याची खूण) खरा! त्याच उत्तरातल्या गुणधर्मांत आकार मात्र ५१००. फाइल संपली म्हटल्यावर क्लायंट उरलेले पेज शून्यांनी भरतो आणि ते वैध धरतो. आकार ५१०० असल्याने त्यातली १०० शून्ये वाचणाऱ्या प्रोग्रामच्या पदरात पडतात. पुढची ओळ जोडली की आकार आणि एमटाइम (शेवटच्या बदलाची वेळ) बदलतात, पेज नव्याने येते आणि पुरावा नाहीसा होतो. म्हणूनच बहुधा आपल्याकडे 'दोष आढळला नाही' असा शेरा पडला.

'नोएसी' (गुणधर्म कॅशे न करण्याचा माउंटचा पर्याय) लावण्याचा आपला सल्ला निरुपयोगी आहे. गुणधर्म कितीदाही विचारले तरी आकार ५१०० आणि एमटाइम तोच. मग क्लायंटने पेज टाकून का द्यावे? उलट नोएसीमुळे प्रत्येक राइट सिंक्रोनस (सर्व्हरच्या पोचेची वाट पाहणारे) होऊन लेखन मंदावते. पेज कॅशे रिकामी केली किंवा ओ-डायरेक्टने (कॅशे टाळून) वाचले, तर तेच बाइट नीट मिळतात.

आरएफसी १८१३ (एनएफएस ३ चे तपशीलपत्र) प्रमाणे वाचन फाइलच्या शेवटाला भिडले तरच ईओएफ खरा असायला हवा. ५००० हा ५१०० चा शेवट नव्हे. डेटा आणि आकार एकाच कुलुपाखाली (लॉक), म्हणजे मध्ये बदल होऊ न देता, वाचा. ते लगेच जमत नसेल, तर अपुऱ्या उत्तरात ईओएफ खोटा ठेवा. क्लायंट उरलेले बाइट स्वतःच पुन्हा मागतो.

दुरुस्त फर्मवेअरची तारीख लेखी कळवावी. तोवर जुन्या आवृत्तीवर परतण्याची अधिकृत फाइल द्यावी आणि ही तक्रार परस्पर बंद करू नये.

आपला,
सिस्टीम प्रशासक

सोबत: दोन्ही क्लायंटचे पॅकेट कॅप्चर, माउंटचे पर्याय, हेक्स डंप