झुकिनीचं पुराण

चिनू,

फोनवर तू "झुकिनी आली का गं" एवढं विचारतेस आणि मी सांगायला लागले की तुझी मीटिंग सुरू होते, म्हणून लिहूनच पाठवतेय, मेट्रोत बसून वाच.

बी दसऱ्याला टाकलं. पावसाळ्यात नकोच, गेल्या वर्षी पानांवर भुरी पडून सगळं गेलं होतं आठवतंय ना. मला वाटलेलं दुधीसारखा वेल चढेल, दोरी पण बांधून ठेवली, तर हे बुटकं झुडूपच निघालं, पानं मात्र ताटाएवढी, अर्धी गॅलरी अडवली, बाबांचे टॉवेल आता आत वाळतात.

मग फुलं आली, भोपळ्याच्या फुलांसारखीच पिवळीधमक, पण फळ काही धरेना. बोटाएवढी झुकिनी दिसायची, पिवळी पडायची, गळून जायची. मी आपली खत घालत बसले! अगं सातवा मजला, त्यात कबुतरांची जाळी, मधमाश्या येणार कुठून? मादी फुलाच्या मागे आधीपासूनच इवलीशी झुकिनी असते, नराला नुसता लांब देठ. सकाळी सातला नर फूल तोडायचं, पाकळ्या काढायच्या आणि मधला दांडा मादी फुलात हलकेच फिरवायचा, उन्हं चढली की फूल मिटतं मग तो दिवस गेला. बाबा म्हणाले, "लग्नं जमवायची हौस झाडावरच भागव." म्हणजे तुझी सुटका.

आता धरतायत. वीतभर झाली की सुरीने देठ ठेवून कापते. आठवडाभर चिपळूणला गेलो तेवढ्यात एक पानाखाली लपून हातभर झाली, बिया भोपळ्यासारख्या टणक. त्या काढून टाकल्या, बाकीची किसून भाजणीत घातली, पाणी वेगळं घ्यावंच लागलं नाही इतका रस सुटला, थालीपीठं झकास झाली. कोवळ्या झुकिनीची मूगडाळ घालून भाजी करते, मोठ्या आचेवर, झाकण न ठेवता, नाहीतर लगदा होतो. जास्तीच्या नर फुलांची भजी केली, बाबांनी एकट्याने आठ खाल्ली. आणि हो, कधी कडू लागली तर दुधीसारखीच सरळ टाकून द्यायची, साखर घालून खपवायची नाही.

तुझा तो पास्ता मला जमणार नाही, शनिवारी येतेयस तर तूच कर, दोन तोवर तयार होतील. चीज तेवढं येताना घेऊन ये.

आई