तार तापवून देणाऱ्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

नाव लिहीत नाही, तुम्हाला ते चालणार नाही. पण पूर्व भागातल्या तुमच्या दुकानात हातात वितळलेला बुरूज घेऊन आलेला पोरगा आठवतोय ना? तो मी. थर्माकोलवर थेट स्प्रे मारायचा नसतो हे मला त्या दिवशी कळलं.

टेबलावर सैनिक मांडून फाशांवर लढाया खेळायचं वेड तुम्हाला सांगताना मीच लाजत होतो. २८ मिलिमीटरचे शिपाई आणि त्यांच्यासाठी लाखीशचा तट! इ.स.पू. ७०१ मध्ये असीरियाच्या सन्हेरीब राजाने तटाला दगडमातीचा उतार भिडवून यहूदा राज्याचं हे शहर घेतलं. तो वेढा त्याने निनवेच्या राजवाड्यात शिल्पांत कोरून घेतला, ती शिल्पं आता लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि एवढंच विचारलंत, "भिंत दगडाची का मातीची?"

खाली दगड, वर कच्च्या विटा, मी म्हणालो. जाडी सहा मीटर, म्हणजे आमच्या मापात दहा सेंटीमीटर.

"मातीची हाय, आन कोपरे असे? हे फ्रिजचं खोकं हाय बे!"

खरंच होतं. मी भुईकोट किल्ल्याचे फोटो समोर ठेवून चिरे कोरत बसलो होतो. तुम्ही गावाकडच्या गढीचं सांगितलंत. पांढऱ्या मातीच्या बुरुजाला पावसाळ्यांनी कोपरा ठेवलेला नसतो, वरून ओघळ उतरतात आणि खरी झीज पायथ्याशी होते. इतक्या फोटोंत मला जे दिसलं नव्हतं, ते तुम्ही बसल्या जागी दाखवलंत.

२०१८ ला थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आल्यापासून तुमची थर्माकोल कापायची तार खुंटीलाच होती. ती उतरवलीत, पुसलीत. "लाल होऊ द्यायची नाही, चर रुंद पडतो." मग तक्त्याच्या एका कडेखाली लाकडाची पट्टी सरकवलीत आणि नुसता ढकललात. तार जागची हलली नाही, पण भिंत खाली रुंद, वर निमुळती अशी उतरली. मी घरी कटरने दोन रविवार हेच करायला धडपडत होतो.

वस्त्रगाळ पांढरी माती फेविकॉलच्या पाण्यात कालवून दोन हात दिले, ओल्या ब्रशने ओघळ सोडले. खेळायला आलेल्या मित्राने तट नखाने खरवडून पाहिला, माती खरी आहे का म्हणून.

पैसे तुम्ही घेतले नाहीत, चहासुद्धा तुमचाच झाला. हे मला अजून खटकतं.

वेढ्यात कोण जिंकलं, असं परवा विचारत होतात. असीरियाच, पण सातव्या डावात, आणि उतारावर त्यांची निम्मी माणसं गेली. वेशीचा दरवाजा मात्र अजून पुठ्ठ्याचाच आहे. रविवारी येतो. चहा मी आणणार.

तुमचा,
खोकंवाला