रतनवाडी दिवसाउजेडीही पाहावी

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

मे महिना सरत आला की भंडारदऱ्याच्या काजव्यांची छायाचित्रे वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत झळकू लागतात. अशाच एका छायाचित्राने खुणावल्यामुळे आम्ही तिघे यंदा भंडारदरा जलाशयाकाठच्या रतनवाडी गावात दोन दिवस राहून आलो. तेथे जे पाहिले त्यातले काही कौतुकाचे आहे आणि काही आम्हा पाहुण्यांनाच सुनावण्यासारखे आहे, म्हणून हे पत्र.

शेंडी गाव सोडल्यावर जलाशयाच्या काठाकाठाने वळणे घेत रस्ता रतनगडाच्या पायथ्याशी पोहोचतो. हा जलाशय ज्यामुळे झाला त्या प्रवरा नदीवरील विल्सन धरणाचे, म्हणजेच भंडारदरा धरणाचे, काम १९१० साली सुरू होऊन १९२६ साली पूर्ण झाले. म्हणजे ज्या पाण्यासाठी पर्यटक येतात ते शंभरेक वर्षांचे, तर काठावरचे अमृतेश्वराचे देऊळ त्याहून कितीतरी शतकांनी जुने. शिलाहार राजा झंझ याने नद्यांच्या उगमांपाशी बांधलेल्या बारा शिवालयांपैकी हे एक, अशी परंपरा आहे, आणि प्रवरेचा उगम याच रतनगडावर आहे. देवळाचे शिखर भूमिज पद्धतीचे आहे. चारही बाजूंनी निमुळते होत वर चढणारे नक्षीदार पट्टे आणि त्यांच्यामधल्या जागेत एकावर एक रचलेल्या इवल्या शिखरांच्या ओळी अशी त्याची रचना असून, उन्हे कलली की या इवल्या शिखरांच्या सावल्या एकमेकींवर पडून सारा दगड हलल्यासारखा दिसतो. जवळच्या पुष्करणीत देवकोष्ठांमधून, म्हणजे भिंतीतल्या कोनाड्यांतून, विष्णुमूर्ती आहेत. भर पावसाळ्यात गाभाऱ्यात पाणी साचून पिंड बुडते, असे गावकरी सांगतात. ते पाहायला पुन्हा जायचे आम्ही ठरवले आहे.

हे सारे दिवसाच्या उजेडात पाहायचे आहे. प्रत्यक्षात दुपारी देवळात आम्ही धरून दहा माणसे नव्हती, आणि दिवेलागणीनंतर मात्र त्याच अरुंद रस्त्यावर मोटारींची रांग लागली. हा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा आहे, याचा त्या गर्दीला विसर पडलेला दिसला. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ या झाडांवर काजव्यांची जी लुकलुक चालते ती शोभेची रोषणाई नव्हे. नर ठरावीक लयीत प्रकाश पाडतो आणि झुडपात बसलेली मादी आपल्या जातीची लय ओळखून त्याला उत्तर देते. गाडीचा दिवा किंवा मोबाइलची विजेरी मध्ये आली की ही खूणगाठ तुटते. प्रौढ काजव्याचे आयुष्य फार तर काही आठवड्यांचे असते, त्यामुळे त्याची एक रात्र वाया जाणे ही किरकोळ बाब नाही.

याच सुमारास रोहिणी नक्षत्र लागते आणि गावात भाताच्या रोपांसाठी राबाची तयारी चाललेली असते. पालापाचोळा घालून भाजून ठेवलेला जमिनीचा तो तुकडा शहरातल्या माणसाला मोकळे मैदान वाटतो. आम्ही ज्यांच्या घरी उतरलो होतो त्यांच्या राबात सकाळी टायरांच्या चाकोऱ्या उमटलेल्या होत्या. घरातल्या आजी चिडल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, ‘रातच्या गाड्या फिरल्या, माती दबली. आता परत कुदळ मारायची.’ त्या वाक्यापुढे आम्हाला काही बोलता आले नाही.

पाण्याचीही गोष्ट सांगायला हवी. सुमारे अकरा टीएमसी (अब्ज घनफूट) साठवण असलेल्या या धरणाचे पाणी कालव्यांनी खालच्या बागायतीला जाते, पण मे अखेरीस काठावरच्या विहिरीवर बायका झरा भरण्याची वाट पाहत हंडे घेऊन बसलेल्या आम्ही पाहिल्या. (त्या सकाळी आम्ही तिघांनी मिळून सहा बादल्या आंघोळीला वापरल्या होत्या, हे लिहिताना संकोच वाटतो.) ज्या आठवड्यांत गावाकडे पाणी सर्वांत कमी असते, त्याच आठवड्यांत पाहुणे सर्वांत जास्त असतात.

काजवे पाहायला कोणी जाऊ नये, असे माझे म्हणणे नाही. त्या दिवसांच्या मिळकतीवर इथल्या अनेक महादेव कोळी आणि ठाकर कुटुंबांचा पावसाळ्याआधीचा खर्च भागतो. परंतु हंगामात संध्याकाळनंतर खासगी वाहने शेंडीलाच थांबवून पुढे गावातल्या जीपगाड्यांनी माणसे न्यावीत, म्हणजे उजेड कमी होईल, राब वाचतील आणि भाडेही गावातच राहील. पाहुण्यांनी सकाळी पोहोचावे, पिण्याचे पाणी बरोबर आणावे, गावातल्याच एखाद्या तरुणाला वाटाड्या घेऊन देऊळ आणि गड पाहावा, आणि काजव्यांसाठी दिवे मालवून एका जागी बसावे. आम्ही दुसऱ्या रात्री ओट्यावर तसेच बसलो होतो आणि पहिल्या रात्रीपेक्षा पुष्कळ अधिक पाहिले.

एक विनंती आपल्याकडेही आहे. झाडे सोन्याने मढवल्यासारखी दाखवणारी काजव्यांची छायाचित्रे पुष्कळदा दीर्घकाळ कॅमेरा उघडा ठेवून आणि अनेक चित्रे एकमेकांवर चढवून तयार केलेली असतात. डोळ्यांना तसे काही दिसत नाही. तसेच दिसेल या अपेक्षेने आलेला माणूस निराश होऊन विजेरी पेटवतो, हे आम्ही प्रत्यक्ष पाहिले. पुढच्या वर्षी असे चित्र छापताना ते कसे घेतले आहे, ही एक ओळ त्याखाली द्यावी.

आपला,
एक वाचक, सिन्नर